अक्षर जाड, पण गावाचे नाव वाचता यावे!

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला की पाट्याही नव्या लागतात. दुकानाची पाटी असो, पोळ्याचा फ्लेक्स असो की लग्नपत्रिका, आपण छापणाऱ्याला एवढेच सांगतो, "अक्षर जाड घ्या हो भाऊ!" पण कुठवर जाड?

इंग्रजी छपाईत जाड अक्षराचे एक घराणेच आहे, स्लॅब सेरिफ. त्यात अक्षराच्या टोकांना ठोकळ्यासारख्या आडव्या पट्ट्या असतात. मोटारसायकलवरचे होंडा किंवा टीव्हीवरचे सोनी हे नाव आठवा, म्हणजे लक्षात येईल. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने असे खिळे आपल्या नमुना-पुस्तकात दाखवले. भिंतीवरच्या जाहिरातींचा तो काळ. पुस्तकातले नाजूक अक्षर दुरून दिसेना, तेव्हा हे पहिलवान अक्षर कामाला आले. त्याचे काम हाक मारण्याचे, गोष्ट सांगण्याचे नव्हे.

आपल्या देवनागरीला डोक्यावर वेगळी पट्टी लावावी लागत नाही, शिरोरेषा आहेच. अडचण येते ती वर-खाली. 'सौंसर' लिहून बघा. एकाच अक्षराच्या डोक्यावर दोन मात्रा आणि टिंब! 'पांढुर्णा'त टिंब, उकार आणि रफार असे तिघे. अक्षर जाड होत गेले की मधली पांढरी जागा बुजते, 'ढ'ची गाठ भरून जाते. टिंब मात्रेला चिकटले की सौंसरचे सौसर होते!

म्हणून जाड अक्षर काढणाऱ्याचे कसब काळ्या शाईत नसते, आत राखलेल्या पांढऱ्या जागेत असते. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मोदक' फॉन्ट बघा. नावासारखाच गुबगुबीत, पण आत बारीक पांढरी रेघ राखलेली. तरी त्यात दोन-तीन शब्दच शोभतात. पूर्ण पत्ता त्यात लिहू नये.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जपायला हवी. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ळ नाही, आणि ल, श यांचे वळणही वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. काही फॉन्टांत ही दोन्ही वळणे असतात. फक्त संगणकावर मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. ती निवडा, म्हणजे अक्षर आपल्या वळणाचे येईल. आणि 'काळे'चे 'काले' होऊ देऊ नका. आडनाव आहे ते, रंग नव्हे!

तेव्हा मंडळी, पाटी पक्की करण्याआधी नमुन्याचा कागद भिंतीला लावा. वीस पावले मागे जा आणि घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. तो अडखळला तर अक्षर थोडे बारीक करा. नाव ठळक दिसले पाहिजे हे खरे, पण आधी ते आपलेच नाव आहे हे कळले पाहिजे.