वर्गणी दिलीत, आता लिहा!

14 एप्रिल जवळ आला की भिवंडीतल्या आमच्या वस्तीत वर्गणीची यादी लागते. पहिल्या पाच नावांत दोन-तीन नावे सॉफ्टवेअर इंजिनिअरांची असतात. बापाने यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी केली, आईने कांड्या भरल्या, आणि ही मुले शिकली. आज कुणी ऐरोलीला आहे, कुणी पुण्याला, कुणी परदेशात. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. त्यांनी दिलेल्या पैशावर अभ्यासिकेचा पंखा फिरतो, हेही आम्ही विसरत नाही. तरीही आज आमची त्यांच्याकडे तक्रार आहे. ते पैसे देतात, पण जे त्यांना ठाऊक आहे ते समाजाला देत नाहीत. ते लिहीत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. आमच्या वस्तीतला एक मुलगा पार्सल पोचवण्याचे काम करतो. भिवंडीच्या भोवती मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे अशी गोदामांची रांगच लागली आहे. आमची निम्मी तरुण पोरे तिथेच खपतात. एके सकाळी या मुलाची आयडी बंद झाली. साहेबाला विचारले तर तो म्हणाला, "सिस्टीमने केलंय." सिस्टीम म्हणजे कोण, ते सांगायला कुणी तयार नाही. आठवडाभर मुलगा घरी बसून राहिला.

रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय निघाला. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्याच एका इंजिनिअरने तो दहा मिनिटांत उलगडून सांगितला. पत्त्याभोवती अ‍ॅप एक अदृश्य वर्तुळ आखते. दाटीच्या गल्लीत फोनचा जीपीएस वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकतो. मुलगा दारात उभा असतो आणि अ‍ॅपला तो वर्तुळाबाहेर दिसतो. मग 'खोटी डिलिव्हरी' अशी खूण पडते. अशा ठरावीक खुणा साठल्या की खाते आपोआप बंद होते. कुणी माणूस ते तपासेलच असे नाही. म्हणून प्रत्येक वेळी दाराचा फोटो काढावा, ग्राहकाला केलेल्या कॉलची नोंद जपावी, स्क्रीनशॉट ठेवावा आणि तक्रार तोंडी न करता लेखी करावी.

ऐकून आम्ही थक्क झालो. हे ज्ञान आमच्याच रांगेत बसले होते! पण ते विहाराच्या चार भिंतींत बोलले गेले आणि तिथेच संपले. पुढच्या महिन्यात शेजारच्या वस्तीतल्या दुसऱ्या पोराची आयडी बंद झाली, तेव्हा त्याला सांगायला कुणी नव्हते. ते मराठीत दोन पाने लिहिलेले असते, तर भिवंडीच काय, नांदेड-लातूरच्या पोरालाही ते सापडले असते.

आता आम्हाला विचारायचे आहे की आपल्या चळवळीत लिहिणारे कोण होते? पेन्शनीत निघालेले सैनिक गोपाळबाबा वलंगकर लिहीत होते. पुण्यात बटलरची नोकरी करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' काढले. त्याच्याही आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. यांच्याकडे ना लॅपटॉप होता, ना सुट्टीचा शनिवार-रविवार. मग वेळ नाही ही सबब आपण कुणापुढे सांगतो आहोत?

काहीजण म्हणतात, "नोकरीचे काय? नाव लावून लिहिले तर कंपनीत त्रास होईल." ही भीती खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आयटीत जात नसते, असे सांगणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावे. 30 जून 2020 रोजी तिथल्या राज्य सरकारच्या खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरशी जातिभेद केल्याच्या आरोपाखाली खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. पण कागदोपत्री त्या इंजिनिअरला स्वतःचे नाव लावता आले नाही, एवढे आपल्याला पुरे आहे.

म्हणूनच 'मूकनायक' आठवा. 31 जानेवारी 1920 ला पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. म्हणजे नोकरीची अडचण बाबासाहेबांनाही होती. त्यांनी त्या अडचणीतून वाट काढली, अडचणीची सबब केली नाही. तुम्हीही टोपणनावाने लिहा. कंपनीचे गुपित लिहू नका, कंपनीचे नावही घेऊ नका. जीपीएसचे वर्तुळ कसे चालते, हे कुठल्याही कंपनीचे गुपित नाही.

दुसरी सबब अशी की मराठीत वाचतो कोण, आणि आमचा विषय तर इंग्रजीतलाच. बाबासाहेबांचा विषय कुठल्या भाषेतला होता? रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच माणसाने 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने मराठीत स्वतः लिहून भरले. जगातल्या विद्वानांशी बोलायला एक भाषा आणि आपल्या माणसांशी बोलायला दुसरी, हे दोन्ही त्यांनी केले. तुम्ही मात्र पहिलेच करता. ऑफिसच्या वर्तुळात इंग्रजीत 'लीडरशिप'वर चार परिच्छेद लिहिता आणि घरी आलात की शिष्यवृत्तीचा अर्ज का अडकला ते भाचीला फोनवर समजावता. तोच फोन लिहून काढा!

तिसरी सबब सर्वांत लबाड आहे: "आम्ही स्टेटस ठेवतोच की." स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. रील दुसऱ्याच्या दुकानात मांडलेला माल असतो. मालकाने शटर ओढले की तुमची पाटी गेली. 20 मार्च 1927 ला महाडचा सत्याग्रह झाला आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. हा योगायोग नव्हता. चवदार तळ्यावर काय घडले हे आपण स्वतः लिहिले नसते, तर ते दुसऱ्यांनी त्यांच्या सोयीने लिहिले असते. तो मजकूर आज शंभर वर्षांनीही वाचायला मिळतो. तुमचे गेल्या जयंतीचे स्टेटस कुठे आहे?

म्हणून आमचे म्हणणे असे की वर्गणीइतकेच लेखन हेही चळवळीचे देणे माना. त्यासाठी कवी किंवा विचारवंत असण्याची गरज नाही. महिन्यातून एक लेख, दोन पानांचा, साध्या मराठीत, जिथून कुणी पुसणार नाही अशा तुमच्या स्वतःच्या जागेवर ठेवा. गोदामातल्या हातातला स्कॅनर सेकंद कसे मोजतो? कर्ज देणारे अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर का मागते? कॅम्पस मुलाखतीत पहिल्या पिढीचा पोर कुठे अडखळतो? तुम्ही तिथे कुठे अडखळलात? आडनाव विचारले गेले तेव्हा काय वाटले आणि काय उत्तर दिलेत? हे सगळे तुमच्याखेरीज कुणीच लिहू शकत नाही. आमच्यापैकी कुणाला कोड येत नाही, आणि ज्यांना कोड येते त्यांच्यातल्या बहुतेकांना आमची वस्ती ठाऊक नाही. दोन्ही ठाऊक असलेले तुम्हीच.

1956 साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत बोलून दाखवली, हे आपण दर जयंतीला ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत सर्वांत पुढे शिकलेलेच असतात. ती खंत पुसायची असेल तर सुरुवात फार दूरवर नाही.

ज्या मुलाची आयडी बंद झाली होती, त्याने स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार केली आणि त्याची आयडी परत सुरू झाली. त्याला ते सांगणारा इंजिनिअर मागच्या रांगेत भेटला, म्हणून. ज्याला भेटला नाही त्याच्यासाठी लिहा. येत्या रविवारी वंदनेला याल तेव्हा दोन पाने लिहून आणा. शुद्धलेखन आम्ही तपासू.

जय भीम!