आडनावातलं हिब्रू

परवा कोथरूडला आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला सगळे जमले होते. भाच्याने नवा शोध जाहीर केला. म्हणे आपलं आडनाव मुळात हिब्रू! पुरावा? दोन अक्षरं जुळतात आणि घरात चारजण घाऱ्या डोळ्यांचे. सगळे खूश. तोंडात मोदक होता म्हणून मी गप्प बसलो. इथे बोलतो.

मंडळी, ज्यांचा हिब्रू वारसा खरा आहे, त्या बेने इस्रायलींची आडनावं बघा. किहीमकर, चेऊलकर, पेणकर, दिवेकर! अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेने सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पडली ती गावांवरून. हिब्रू उरलं ते पाळण्यातल्या नावात, तेही कोकणी वळण घेऊन. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. आणि दिवेकर तर ब्राह्मणांतही आहेत! 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा डेव्हिड आठवतात? त्यांचं आडनाव चेऊलकर.

पुढे इंग्रजी अमदानीत अनेकांनी गावाचं नाव गाळून बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनाव म्हणून लावलं. इझिकेल, सॅमसन, रूबेन आले ते असे. म्हणजे ऐकायला हिब्रू वाटणारं आडनाव बऱ्याचदा अलीकडचं, आणि 'कर' लागलेलं त्याहून जुनं. मग नुसत्या आवाजावरून मूळ कसं ठरवणार?

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. हेच लोक इस्रायलला गेले, तेव्हा लग्न लावताना तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या वंशाची चौकशी मांडली. त्यांना निदर्शनं करावी लागली. १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे धर्मपीठ नमलं. ज्याच्यासाठी त्यांना इतकं झगडावं लागलं, ते आपण जेवता जेवता दोन अक्षरांवर खिशात घालायचं? आणि रास्ता पेठेत १९२१ पासून त्यांचं सिनेगॉग आहे, तिकडे आपल्यापैकी कितीजण फिरकले?

भाच्या, रागावू नकोस. आडनाव शोधायचंच असेल तर आपल्या गावी जा, जुन्या सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते बघ. मी येतो बरोबर. पण उसनं मूळ नको रे बाबा.