हनुवटीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर विभागात आली आणि म्हणाली, "सर, मॅडम, जबड्याचं ऑपरेशन करून घेऊ का?" लघुप्रबंधाचा विषय, नेटची तयारी, फार तर घरच्यांची समजूत, एवढ्याच प्रश्नांची आम्हां दोघांना सवय. तिचा खालचा जबडा वरच्या जबड्याच्या पुढे आला आहे. दीड वर्ष तिला शिकवूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल.

आम्ही दिलेले उत्तर मराठीच्या प्राध्यापकांना शोभेल असेच होते. चेहऱ्याहून माणूस मोठा, व्यंग हे पाहणाऱ्याच्या नजरेत असते, वगैरे. कोल्हापूरकर म्हणून एक दाखलाही जोडला: इथल्या तालमीतला पहिलवान आपला फुटलेला कान लपवत नाही, उलट मिरवतो. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, आमचा ऊस आहे. पण मला ऊस दातांनी सोलता येत नाही. वडापावचा घास तोडता येत नाही. म्हणून मी डब्याला कुणाबरोबर बसत नाही."

आमच्या दाखल्याचा फोलपणा तेथेच उघडा पडला. पहिलवानाचा कान त्याने आखाड्यात कमावलेला असतो, आणि त्या कानावाचून त्याचे जेवण अडत नाही. साहित्याच्या माणसांना शरीर दिसले की त्याचे प्रतीक करण्याची खोड असते. कथाकादंबऱ्यांत पुढे आलेली हनुवटी हट्टी स्वभावाची खूण म्हणून येते आणि आम्हीही वर्गात ती तशीच समजावून देतो. त्या हनुवटीच्या माणसाला घास कसा चावता येत असेल, हे आम्ही कधी विचारले नाही.

चेहरा दुरुस्त करून घेणे ही आजच्या चंगळवादाची देणगी आहे, हा समजही आम्ही आता सोडला आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा एक मराठा गडी कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. छापील वृत्तान्तात त्याचे नाव कावसजी असे आहे. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये सचित्र छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तीच रीत इंग्लंडात करून पाहिली. कावसजीला कोणी 'रूपापेक्षा गुण श्रेष्ठ' असे ऐकवले असेल, असे वाटत नाही.

आमच्या विषयाशी या प्रश्नाचा एक थेट धागाही आहे. 'चंद्र'मधला तालव्य च आणि 'चांदणे'मधला दन्ततालव्य च हा भेद आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ती आकृती वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आहेत असे गृहीत धरते. 'व' उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो; जबडा पुढे असेल तर ही जागाच उलटते, आणि 'स'सुद्धा घसरतो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. शेतीनंतर अन्न मऊ झाले, मोठ्या वयातही वरचे दात पुढे राहू लागले आणि त्यामुळे दन्तोष्ठ्य ध्वनी जगभर सुकर झाले, असे त्याचे प्रतिपादन आहे. मात्र शस्त्रक्रियेने उच्चार सुधारतीलच अशी हमी नाही. जिभेची जुनी सवय हाडाबरोबर सरकत नाही.

मग करावी की नाही? आमचे मत करावी याकडे झुकते, पण घाईने नव्हे. वाढ पूर्ण झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात. आधी सुमारे वर्ष-दीड वर्ष दातांना तारा. या तारा दातांना हाडावरच्या त्यांच्या योग्य जागी नेतात, त्यामुळे मधल्या काळात चेहरा आणि चावा पूर्वीपेक्षाही वाईट दिसतो. शस्त्रक्रिया टाळून केवळ दात झुकवून भागवायचे असेल तर तारा नेमक्या उलट दिशेने ओढाव्या लागतात. म्हणून निर्णय तारांच्या आधी हवा. मग पूर्ण भूल देऊन, बहुधा तोंडाच्या आतूनच छेद घेऊन, हाड कापून सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. पुढे काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न. (पांढरा रस्सा चालेल, तांबड्याचे सांगवत नाही.) खालचा ओठ बधिर होतो, बहुतेकांची संवेदना परतते, काहींची पुरती परतत नाही. हे शेवटचे वाक्य डॉक्टरांनी दोनदा उच्चारावे, असे आम्हाला वाटते.

खर्च खासगी रुग्णालयात लाखाच्या पुढे जातो. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा लागू होत नाही, तेव्हा कागदावर 'चावण्यातील दोष' लिहिले जाते की 'चेहऱ्याची ठेवण', यावर पुष्कळ अवलंबून. शब्दांना एवढी रोख किंमत असते हे आमच्या विद्यार्थ्यांना एरवी पटवून द्यावे लागते.

तिच्या वडिलांचा आग्रह आहे तो मात्र निराळ्या कारणाने. दोन स्थळांकडून 'बाकी मुलगी चांगली आहे' असा निरोप आला. 'बाकी' या शब्दाने ते दुखावले आणि लगीनसराईच्या आत सगळे उरकावे म्हणू लागले. तसे ते उरकत नाही, हे बरेच झाले. ज्यांनी 'बाकी' म्हटले त्यांच्यासाठी हाड कापून घेऊ नये. पण स्वतःला आरशात निराळे पाहावेसे वाटते म्हणून तिने ते केले, तर त्यात कमीपणा कसला? केसांना कलप लावून वर्गात जाणाऱ्या आम्ही तरी तो प्रश्न उपस्थित करू नये.

तिने अजून निर्णय कळवलेला नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घ्यायला ती दिवाळीनंतर मिरजेला जाणार आहे. सोबत याल का, असे तिने मागच्या आठवड्यात विचारले. या वेळी आम्ही कसलाही दाखला न देता हो म्हटले.