चाकाचे नाते

बैलगाडीच्या चाकाने मराठीला जे शब्द दिले, त्यांत ‘धाव’ हा मला फार आवडतो. लाकडी चाकाच्या कडेवर लोखंडी पट्टी तापवून चढवतात, ती धाव. दगडधोंड्यांत लाकूड झिजू नये म्हणून ही सोय. मात्र त्यामुळे चाकाचे मोठे ओझे नेमके कडेला जाते. बैल बिचारे त्याबद्दल तक्रार करीत नसत. मोटारगाडी करते, ती ऐकायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली इथलाच. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची कुटुंबे याच वाटेने गडाकडे जातात, आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना हल्ली मूळच्यापेक्षा मोठ्या, चकचकीत चाकांचा साज असतो. निदान या गावावरून जाताना तरी माणसाने चाकाचा हिशेब मांडावा!

डिकीत ठेवलेला पाच किलोंचा फराळ हे बिनव्याजी कर्ज समजा. चाकाच्या कडेला वाढलेले पाच किलो मात्र सव्याज. कारण चाकाला कामे दोन: गाडीबरोबर पुढे जायचे आणि स्वतःभोवती फिरायचेही. आजीचे जाते आठवा. सुरू करताना जोर लागे, आणि एकदा फिरू लागले की चटकन थांबतही नसे. तसेच हे. वेग घेताना आणि ब्रेक लावताना अगदी कडेचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. म्हणजे चार चाकांत मिळून १६ किलो वाढले, तर गाडीला ते फार तर ३२ किलोंसारखे भासतील. हजार किलोंच्या गाडीला हे काही दिवाळे काढणारे ओझे नव्हे. एकसारख्या वेगाने घाट चढताना तर हे व्याज माफच असते.

खरी वसुली होते ती खड्ड्यात. आपण, आपली गाडी आणि तो फराळ हे सारे स्प्रिंगांवर बसलेले असतात. चाक मात्र स्प्रिंगांच्या खाली. उंचवट्यावर ते उसळते आणि स्प्रिंग त्याला पुन्हा जमिनीवर दाबते. चाक जड असले की परतायला वेळ लावते. तेवढ्या क्षणात टायरची जमिनीवरची पकड सैल होते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरतेच. हे सपाट रस्त्यावर कळत नाही. खडबडीत उतारावर, वळण समोर असताना कळते. शिवाय मोठ्या रिमवर बसणारा टायर बहुधा उंचीने कमी, म्हणून हवेची गादीही पातळ. खड्ड्याचा घाव थेट रिमवर.

माझ्या एका भाच्याने बोनसमधून अशी चाके घ्यायचे मनात आणले आहे. “मामा, गाडी कशी उठून दिसेल!” म्हणाला. मी म्हटले, “दिसेल रे, पण खड्ड्यातून उठलेले चाक बसणार कधी?” याच सुट्टीत आईला रायगडाच्या रोपवेने वर न्यायचा त्याचा बेत आहे. आई मागच्या सीटवर बसणार, म्हणून मी विषय सोडला नाही.

“अहो, पण ही अलॉयची, म्हणजे हलकीच!” हे त्याचे पुढचे उत्तर. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा हलके हे खरे. पण जाड ओतलेले, आकाराने वाढवलेले चाक मूळच्या पोलादी चाकाहून जडही भरू शकते. तेव्हा रंग पाहण्याआधी वजन पाहावे. जुने आणि नवे चाक, दोन्ही टायरसकट, रद्दीवाल्याच्या काट्यावर घालावे. आकार कंपनीने नेमून दिलेलाच ठेवावा; तो बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. आणि हलकेपणाच्या हौसेने कमकुवत चाकही घेऊ नये. गाडीचा भार पेलण्याची त्याची क्षमता मूळच्या चाकापेक्षा कमी नसावी.

लग्न जमवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. चाकाचे जमिनीशी नाते जुळवताना निदान एकदा काटा पाहायला काय हरकत आहे?