घर ठेकेदाराचे, रस्ता मजुराचा

2020 च्या टाळेबंदीत मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या सुरत-कोलकाता महामार्गाने मजूर पायी गेले. सरकारने त्यांना 'स्थलांतरित' म्हटले. आम्ही त्यांना बेघर म्हणतो.

29 मार्च 2020 च्या आदेशाने केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांच्या सीमा बंद करायला लावल्या. घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये, असेही त्यात होते. पण ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्याकडे भाडेकरार कुठला? काम बंद की शेड बंद! 31 मार्चला सर्वोच्च न्यायालयात सरकारने सांगितले, रस्त्यावर आता एकही मजूर नाही. 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्याच महिन्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर, बिजासन घाटात, हजारो अडकून पडले. अमेरिकेनेही साथीचे कारण सांगून माणसे मेक्सिकोच्या सीमाशहरांत परत ढकलली. ती निदान परदेशी होती. आमचा मजूर आपल्याच देशात सीमेवर अडवला गेला. साथीत संचारावर बंधन घालता येते, हे आम्ही वकील म्हणून मानतो. पण ज्याला घरच नाही त्याला 'घरीच थांबा' सांगणारे सरकार निवाऱ्याची जबाबदारी कशी टाळणार?

कायदा नव्हता असे नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने राहण्याची सोय, प्रवासभत्ता व विस्थापनभत्ता ठेकेदारावर टाकला होता. ठेकेदारच नोंदणी टाळतो, मग मागायचे कोणाकडे? 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता लागू झाली. स्वतःहून गेलेला मजूरही व्याख्येत आला, ही सुधारणा खरी. पण विस्थापनभत्ता गेला आणि पाच मजुरांची अट दहावर नेली.

आणि आमच्या वऱ्हाडी माणसाचे काय? तो सुरतेला गेला तर आंतरराज्य मजूर. पुण्याला गेला तर सीमाच ओलांडली नाही, म्हणून या तरतुदींत तो बसतच नाही! उपाशी राहण्याला मात्र राज्याची सीमा लागत नाही.

गाडगेबाबा याच तालुक्यातल्या दापुऱ्याला वाढले. धर्मशाळेचे मोल या मुलखाला सांगायला नको. पण धर्मशाळा दयेवर चालते, आम्ही हक्काचे बोलतो आहोत. राज्यांतर्गत मजुरांसाठी वेगळा कायदा हवा, ही मागणी तालुक्या-तालुक्यातून विधिमंडळापर्यंत गेली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी बुद्धविहारात एक वही ठेवावी : वस्तीतला कोण, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या मालकाकडे, किती उचल घेऊन गेला. उद्या कोर्टात हाच कागद लागेल.