महाडला एक बस सोडा

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका यांस,



वागळे इस्टेटमध्ये मी आठवी-नववीची शिकवणी घेतो. डिसेंबर उजाडला की मुलांत सहलीची चर्चा सुरू होते: यंदा कुठला वॉटर पार्क, वर्गणी किती. मुलांनी पाण्यात मनसोक्त खेळावं. पण महापालिकेच्या शाळांनी एक सहल महाडच्या चवदार तळ्याचीही काढावी, एवढ्यासाठी हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात सहा मुलांना घेऊन मी एसटीने महाडला गेलो. सत्याग्रहाचा धडा सगळ्यांना पाठ होता. तळ्याकाठी बसून मी धड्याच्या मागचं-पुढचं सांगितलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर आले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्याच दिवशी सत्याग्रहींना गावात मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 उजाडलं.

एक मुलगी बराच वेळ पाण्याकडे बघत होती. चाळीतल्या सामायिक नळावरची भांडणं ती रोज पाहते. म्हणाली, "सर, पालिकेनेच ठराव केला होता ना? मग मागे का घेतला?"

वर्गात हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

मुलांना अशा जागा दाखवण्याची रीत इतरत्रही आहे. अमेरिकेत ग्रीन्सबरोच्या ज्या दुकानाच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना जेवण वाढत, तिथे 1960 साली चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले. ते दुकान आता संग्रहालय आहे, तो काउंटर तिथेच आहे आणि शाळकरी मुलं तो पाहायला येतात. त्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना.

20 मार्च 2027 रोजी महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. त्याआधी आपल्या प्रत्येक शाळेतली आठवी महाडला जाऊन येईल, एवढी तरतूद करा. वागळेतून बस सुटेल तेव्हा मुलांसोबत यायला मी तयार आहे.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक शिक्षक