निवडणाऱ्याच्या हातातली वही कोणाची?

खेळाच्या मैदानात जात नसते, असे आम्हाला सांगितले जाते. चेंडूला जात कळत नाही, गोलपोस्टला आडनाव वाचता येत नाही, म्हणून तिथे निव्वळ मेरिट चालते, असा हा युक्तिवाद आहे. आरक्षणाचे विरोधक तर हे उदाहरण खिशातच घेऊन फिरतात. "मग क्रिकेटच्या संघातही आरक्षण ठेवा की!" असे म्हणून ते हसतात, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर आपली पोरे गप्प होतात.

मित्रांनो, गप्प व्हायचे कारण नाही. चेंडूला जात कळत नाही हे खरे. पण चेंडू संघ निवडत नाही, संघ माणूस निवडतो. त्या माणसाच्या हातात एक वही असते. कोणाचे नाव त्या वहीत चढते, कोणाचे चढत नाही, आणि ती वही कोणाच्या हातात असते, हा आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न खेळापुरता नाही. पुणे शहराने तो राजकारणातही पाहिला आहे, येरवड्याच्या तुरुंगात.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण खेळाडू 'निवडण्याचे' शास्त्र तिथे सर्वात पुढे गेले आहे असे मानतात. तिकडचे फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळे, हातात चेंडू घेऊन धडका देत खेळायचे. व्यावसायिक संघ कॉलेजमधून खेळाडू उचलतात. १९३६ पासून त्यासाठी दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला साधारणपणे पहिली निवड मिळते, मग क्रमाने बाकीच्यांना. त्याआधी वर्षभर संघांचे पारखी, ज्यांना स्काउट म्हणतात, ते कॉलेजाकॉलेजात फिरून नोंदी करतात. वेग, उंची, वजन, उडी, सगळे मोजले जाते. यापेक्षा शास्त्रशुद्ध मेरिट कुठले?

आता केनी वॉशिंग्टनची गोष्ट ऐका. १९३९ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा हा खेळाडू देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ड्राफ्ट झाला आणि एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. त्याचा वेग कमी पडला नव्हता. तो काळा होता. १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. असा कोणताही नियम छापलेला नव्हता. नियमाची गरजच नव्हती, वही गोऱ्यांच्या हातात होती.

मग हे दार उघडले कसे? मालकांना पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. १९४६ साली रॅम्स नावाचा संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथले कलिझियम हे मोठे सार्वजनिक स्टेडियम हवे होते. काळ्या पत्रकारांनी स्टेडियमच्या कारभाऱ्यांना जाब विचारला : लोकांच्या पैशाचे मैदान वर्णभेद पाळणाऱ्या संघाला कसे देता? रॅम्सला केनी वॉशिंग्टनला घ्यावे लागले. तोवर त्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती. काळा खेळाडू घेणारा शेवटचा संघ राजधानी वॉशिंग्टनचा. त्यांचे नवे स्टेडियम सरकारी जमिनीवर होते. केनेडी सरकारने दम भरला, तेव्हा कुठे १९६२ मध्ये बॉबी मिचेल त्या संघातून खेळला. हा धडा लक्षात ठेवा. पुढे बालेवाडीबद्दल बोलताना तो लागणार आहे.

पण दार उघडल्यावरही जागा ठरलेल्याच होत्या. काळ्याने पळावे, धडक द्यावी, पण संघाचा मेंदू समजली जाणारी क्वार्टरबॅकची जागा मागू नये. १९७८ च्या रोझ बोल सामन्यात सर्वोत्तम ठरलेल्या वॉरन मूनला त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. तो कॅनडात गेला, तिथे अजिंक्यपदांमागून अजिंक्यपदे जिंकली, मग अमेरिकेने त्याला बोलावले. २००६ साली त्याचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. पारख्यांच्या मोजपट्टीत एवढा मोठा माणूस मावला नाही. मग दोष माणसाचा की मोजपट्टीचा?

आता पुण्यात या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इथल्या युरोपियनांच्या क्लबात चर्मकार समाजातला एक तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवत होता, जाळ्या बांधत होता. महिना पगार मोजून चार रुपये. नाव पालवणकर बाळू. जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. बाळू तासन्तास चेंडू टाकत राहिले आणि डावखुऱ्या फिरकीत तयार झाले. पण त्या क्लबात त्यांना बॅट हातात मिळाली नाही. घाम गाळायचे काम तुमचे, बॅट साहेबाची.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले, कारण बळी मिळत होते. मैदानात त्याच चेंडूला सर्वांचे हात लागत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाकीच्यांना चिनी मातीचे कप, आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीचे भांडे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! 'खेळात जात नसते' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पॅव्हेलियनच्या दारात उभे राहावे.

१९११ मध्ये हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळूंनी तिथे ११४ बळी घेतले. एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलले गेले, तेव्हा पालवणकर भावांनी जाहीरपणे खेळायला नकार दिला. हा भारतीय क्रीडा इतिहासातला आत्मसन्मानाचा बहिष्कार आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात नाही. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. अमेरिकेत क्वार्टरबॅकची जागा, इथे कर्णधारपद. गोलंदाजी करा, डोके चालवू नका. दोन खंडांवरची ही एकच वही आहे.

आता येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, १४८ राखीव जागा आल्या. त्यातली व्यवस्था नीट वाचा. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून, म्हणजे सवर्णांच्या बहुसंख्येने, निवडून द्यायचे. हा ड्राफ्टच नव्हे काय? खेळाडू आपले, यादी आपली, शेवटची निवड त्यांची. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघासाठी का झगडत होते, हे ज्याला कायद्याच्या भाषेत कळत नाही त्याला मैदानाच्या भाषेत लगेच कळेल : आमचा कर्णधार आम्ही निवडू.

आणि इतिहासाची क्रूर थट्टा पाहा. त्या करारावर सही करणाऱ्यांत पालवणकर बाळूही होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार म्हणून त्यांनाच उभे केले. ज्या बाळूंचे बाबासाहेबांनी तरुणपणी कौतुक केले, त्यांचा जाहीर सन्मान व्हावा म्हणून झटले, त्याच बाळूंना. बाबासाहेब जिंकले. आम्ही बाळूंना शिव्या देणार नाही. त्यांच्या गोलंदाजीला आमचा सलाम आहे. पण प्रश्न विचारू : ज्यांना हा माणूस कर्णधार म्हणून वीस वर्षे दिसला नाही, त्यांना तो बाबासाहेबांच्या विरोधात मात्र चटकन कसा दिसला? आपल्यातला कोण, कुठे आणि कोणाविरुद्ध वापरायचा, हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, ते इथे कळते. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, कांशीरामजींनी 'चमचा युग' प्रसिद्ध केले. त्याचा रोख याच व्यवस्थेवर होता.

आजच्या पुण्याकडे येऊ. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिथेही भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. २०१५ च्या लिलावात एफसी पुणे सिटीने युजीनसन लिंगडोहला १ कोटी ५ लाखांना घेतले. सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. २०१९ मध्ये मालकांनी गाशा गुंडाळला आणि त्या जागी हैदराबादचा संघ आला. त्याआधी आय-लीगमधला पुणे एफसीही बंद पडला होता. संघ बाजाराचा, आला आणि गेला. मैदान सरकारचे, म्हणजे तुमच्या-आमच्या कराचे, ते तिथेच आहे. मग लॉस एंजेलिसच्या पत्रकारांनी विचारला तो प्रश्न आपण का विचारू नये? लोकांचे मैदान वापरणाऱ्या संघाने लोकांच्या वस्त्यांत किती वेळा पाऊल टाकले?

पारखी येतात कुठे? जिथे अकादमी आहे, जिथे भाड्याचे टर्फ आहे, जिथे पालक गाडीतून मुलाला सोडायला येतात. ताडीवाला रोड, कासेवाडी, दांडेकर पूल, बोपोडी, येरवडा इथल्या पोरांना टर्फचे तासाचे भाडे परवडत नाही, बूट परवडत नाहीत. त्यांच्या नावाची नोंदच होत नाही. मुलींची तर दुहेरी अडचण : मैदान नाही, आणि संध्याकाळी मैदानावर जाण्याची मोकळीकही नाही. मग वर्षाअखेरीस हेच लोक सांगतात, "तिकडे टॅलेंट नाही." बघायला गेलेच नाहीत आणि दिसले नाही म्हणून निकाल दिला!

सरकारने हात दिला की काय होते, तेही पाहा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा. त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीचा आधार मिळाला. राहायची, जेवायची, सरावाची सोय सार्वजनिक पैशातून झाली की रिक्षावाल्याचा पोरगा विश्वचषकात दिसतो. यात चमत्कार नाही, धोरण आहे.

आता आक्षेप. "म्हणजे तुम्हाला संघात आरक्षण हवे?" आमचे उत्तर असे. दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये आपल्या राष्ट्रीय क्रिकेट संघासाठी वर्षभराच्या सरासरीने सहा कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय खेळाडूंचे, त्यात किमान दोन काळ्या आफ्रिकनांचे, लक्ष्य ठरवले. त्यामुळे तिथे क्रिकेट बुडाले नाही. त्यावर चर्चा जरूर करू. पण आमची आजची मागणी त्याहून साधी आहे. आधी वही दाखवा. चाचणीला कोण आले, निकष काय होते, गुण किती दिले, निवड समितीत कोण बसले होते, हे जाहीर करा. ज्यांना मेरिटवर एवढा विश्वास आहे, त्यांना गुणपत्रिका दाखवायला भीती कसली?

आणि आता आपल्या मंडळांना, कार्यकर्त्यांना. सरकारकडे मागायचे ते मागूच, पण अमेरिकेतली आणखी एक गोष्ट मनात कोरून ठेवा. बिल नन हा 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वर्तमानपत्राचा क्रीडा पत्रकार. गोरे पारखी ज्या काळ्यांच्या कॉलेजांकडे फिरकत नसत, तिथे हा माणूस वर्षानुवर्षे जाऊन सर्वोत्तम खेळाडूंची यादी छापत राहिला. १९६० च्या दशकाच्या शेवटी पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्यालाच पारखी म्हणून घेतले. १९७४ मध्ये त्या संघाने जॉन स्टॉलवर्थ याला काळ्यांच्या कॉलेजातून निवडले. डॉनी शेल तशाच कॉलेजातला, त्याला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते, त्यालाही स्टीलर्सने घेतले. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले आणि तो संघ त्या दशकात चार वेळा अजिंक्य ठरला. २०२१ मध्ये खुद्द बिल ननचे नावही तिथे लागले. गुणवत्ता आधीपासून होती. फक्त वही आपल्या माणसाच्या हातात आली.

आपल्यालाही हा वारसा आहे. पालवणकर भावांनी बहिष्कार टाकला त्याच १९२० सालच्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला होता. ज्यांची नोंद कोणी घेत नाही, त्यांची नोंद आपण घ्यायची, हाच त्याचा अर्थ. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे :

एक, बालेवाडी किंवा महापालिकेचे कोणतेही मैदान भाड्याने घेणाऱ्या संघाला आणि अकादमीला वस्त्यांमध्ये खुली, मोफत चाचणी घेण्याची अट घाला.

दोन, विद्यापीठ, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या निवडीचे निकष व गुण जाहीर करा आणि निवड समित्यांत वंचित समाजांचे प्रतिनिधित्व ठेवा, महिलांसह.

तीन, क्रीडा प्रबोधिनीच्या जागा वाढवा. वसतिगृह हेच खरे मैदान आहे.

चार, हे आपल्यासाठी. प्रत्येक वस्तीत खेळाडूंची नोंदवही सुरू करा. नाव, जन्मदाखला, फुटबॉल महासंघाची नोंदणी, मोबाइलवर घेतलेले सामन्यांचे चित्रण. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसाठी जमणाऱ्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा आणि वस्तीतल्या एका तरी मुलाला वा मुलीला प्रशिक्षकाच्या डी लायसन्सला बसवा. चषकावर नेत्याचा फोटो छापण्यापेक्षा हे काम मोठे आहे.

बाळूंना ग्रेगने पाहिले तो योगायोग होता, ग्रेगला सरावासाठी हात हवा होता म्हणून. चार रुपये पगारावर रोलर फिरवणारे आणखी किती बाळू कोणाच्या नजरेस न पडता गेले, त्याची मोजदाद नाही. समाज योगायोगावर उभा राहत नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, आणि ती वही आपल्या हातात घ्या.

जय भीम! जय संविधान!